पंधरा कामकाजाचे दिवस

बाबांनी त्यांच्या शेवटच्या साध्या दिवशी लेकीला एकच कामाचा प्रश्न विचारला आणि लेकीने त्याचं खोटं उत्तर दिलं.

मंगळवार होता. जेवणाच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा पसरलेला, आणि उरलेल्या कोपऱ्यात तिघांचे कप अंग चोरून बसलेले. बाबा ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. शार्पनर त्यांना आवडत नसे. तो लहानथोर सगळ्यांना एकाच मापाने तासतो, म्हणायचे. पेन्सिलीची सालपटं चहाच्या बशीत पडत होती आणि आई ते बघून न बघितल्यासारखं करत होती. चाळीस वर्षांत तिने तेवढं साधलं होतं.

"साहेब, निघालात?" लेक विद्यापीठाच्या कचेरीत लागल्यापासून बाबा तिला साहेब म्हणत.

"निघाले. बस येईल."

"दोन मिनिटं. हे ऐका." त्यांनी गठ्ठ्याखालून एक कागद ओढला. विभागाच्या शिपायाने छापून दिलेली नोटीस होती. या वर्षातली दुसरी. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वर्गात वाचत तसं वाचलं. "'कलम सात-तीन नुसार लेखी कामाचे गुण व अभिप्राय पंधरा कामकाजाच्या दिवसांत पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक आहे. मुदतीत न नोंदवलेले मूल्यमापन झालेच नाही असे समजण्यात येईल.' आता मला सांगा, हे कोणी लिहिलं?"

"समिती लिहिते, बाबा."

"समितीला हात नसतात गं. हे एका माणसाने लिहिलंय. एरवी कचेरीचा कागद वाचला की कीव येते, लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला लिहिताच येत नाही. इथं तसं नाही. 'झालेच नाही असे समजण्यात येईल.' एक शब्द काढून दाखव यातला. ज्याला लिहिता येतं त्याने हे लिहावं, याचं वाईट वाटतं."

"तुमचं वाईट वाटून झालं असेल तर चहा प्या," आई ओट्याजवळून म्हणाली. "आणि तिला जाऊ द्या. उशीर झाला तर तिलाच नोटीस यायची."

"तिला कोण देतंय! नोटिसा निघतातच तिच्या टेबलावरून."

स्वतःच्या विनोदावर बाबा मान हलवून हसले. लेक वाकून बुटांची नाडी बांधत होती, त्यामुळे तिचा चेहरा कुणाला दिसला नाही. "समितीच लिहिते," ती पुन्हा म्हणाली आणि निघाली.

ते वाक्य तिने लिहिलं होतं. अठरा महिन्यांपूर्वी, एका शुक्रवारी दुपारी, सव्वातीन ते चारच्या दरम्यान.

ती काम करायची त्या जागेला अध्यापन-अध्ययन धोरण कक्ष म्हणत. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, पूर्वी तिथे टंकलेखनाची यंत्रं होती. भिंतीत अजून तेव्हाच्या तक्त्यांचे खिळे होते. माणसं दोन. संचालकबाई आणि ही. शिक्षकांनी कसं शिकवावं, विद्यार्थ्यांनी कसं शिकावं, कोणी किती दिवसांत काय परत करावं, याचे नियम इथे तयार होत आणि समितीच्या नावाने बाहेर पडत. संचालकबाईंनी वीस वर्षांत एकही वर्ग घेतला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी उंच हवा, असं त्या स्वतःच म्हणत, आणि हसत.

नियमाची गरज खोटी नव्हती. निबंध देऊन सहा-सहा महिने झाले तरी विद्यार्थ्यांना गुण कळत नसत. काही शिक्षक तर गठ्ठे उघडतही नसत. एकाने म्हणे मागच्या वर्षीचे गुण यंदाच्या यादीला लावून दिले होते. तक्रारींची फाईल जाड झाली तेव्हा संचालकबाई म्हणाल्या, "मुदत घालून टाक. किती ते तूच ठरव."

बाकीच्या विद्यापीठांचे नियम तिने चाळले. कुठे तीस दिवस, कुठे पंचवीस. एकाही ठिकाणी एकवीसच्या खाली नव्हते. तिने पंधरा लिहिले.

पंधरा कुठून आले हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबा एका निबंधाला पाऊण तास घेत. आधी नुसतं वाचत, मग पेन्सिल घेऊन वाचत, मग समासात लिहीत, आणि समास संपला की पानाच्या मागे. अडतीस निबंधांना त्यांना पाच आठवडे लागत. ते पाच आठवडे संपतात तोवर दुसऱ्या वर्गाचा गठ्ठा येई. तिच्या जन्मापासून त्या टेबलावरचा गठ्ठा हलला नव्हता. आठवीत असताना तिने एकदा आपली निबंधाची वही हळूच त्या गठ्ठ्यात सरकवून दिली होती. दोन दिवसांनी ती बाकीच्या कागदांबरोबर तपासून आली. 'विचार बरा. शेवट घाईत. हजेरी क्रमांक लिहिलेला नाही.' आई तीन दिवस हसत होती. हीसुद्धा हसली. घरात कुणी आलं की तो किस्सा निघायचा आणि प्रत्येक वेळी ती हसायची.

मसुद्याबरोबर एक अर्ज भरायचा असे. मसुदा करणाऱ्याचे जवळचे नातेवाईक या नियमाच्या कक्षेत येतात काय, असल्यास तपशील द्यावा. सगळेच तिथे 'निरंक' लिहीत. विद्यापीठात निम्मे लोक एकमेकांचे मेहुणे-साडू; खरं लिहायचं तर अर्जाला पुरवण्या जोडाव्या लागल्या असत्या. तिनेही निरंक लिहिलं. खाली सही केली.

नंतर मसुदा सर्व शिक्षकांकडे सूचनांसाठी गेला. पोर्टलवर दोनशे अक्षरांची चौकट होती. चारशे शिक्षकांपैकी तिघांनी 'ठीक' लिहिलं, एकाने पगाराची तक्रार केली. बाबांनी मसुद्याची सहा पानं छापून घेतली, त्यांच्या समासात पेन्सिलीने लिहिलं आणि पाकिटात घालून कक्षाकडे पाठवली. पाकीट तिच्याच टेबलावर आलं. अक्षर ओळखून तिने ते पुरतं उघडलंही नाही. आवक नोंदवहीत लिहिलं, 'विहित नमुन्यात नसल्याने विचारात घेतले नाही', आणि फाईलला लावून टाकलं. घरी बाबांनी विचारलं, "मिळाल्या का हो साहेब आमच्या सूचना?" ती म्हणाली, "समितीपुढे ठेवल्यात."

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, विभागाच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, बाबा कठड्याला धरून खाली बसले. शिपाई पाणी आणायला धावला आणि परत आला तेव्हा पाण्याचं काम उरलं नव्हतं.

लेक त्या वेळी नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण घेत होती. विषय होता, परिणामकारक अभिप्राय कसा द्यावा. सत्रात फोन बंद ठेवायचा नियम होता. तोही तिनेच केलेला, आणि आपला नियम आपणच मोडायचा नाही एवढी शिस्त तिला होती. साडेअकराला चहाच्या सुट्टीत तिने फोन सुरू केला. अकरा वेळा कॉल येऊन गेला होता.

दवाखान्यात शिपायाने तिच्या हातात कापडी पिशवी दिली. तो रडत नव्हता, पण बोलताना एकेक शब्द शोधत होता. "सरांनी सोडली नाही हो हातातून. मीच बोटं सोडवली. रागावू नका."

"नाही," ती म्हणाली. "बरं केलंत."

पुढचे दिवस घरात खुर्च्या कमी पडत होत्या. येणारे सगळे एकच बोलत: असे शिक्षक आता होणे नाही. लेक कप भरत होती, कप विसळत होती. टेबल मोकळं झालं होतं आणि त्यावर लोक आपल्या पर्सा ठेवत होते. ते तिला बघवत नव्हतं. ज्या टेबलाचा तिने जन्मभर राग केला, ते रिकामं झालं तर तिला उभं राहवेना. माणूस हा असा. हातात असतं तेव्हा ओझं, आणि गेलं की तेच हात रिकामे घेऊन बसायचं.

पाचव्या दिवशी माणसं ओसरली तेव्हा तिने पिशवी उघडली. अडतीस निबंध. अडतीसही तपासलेले. वर एका आखीव कागदावर क्रमांक आणि गुण, बाबांच्या बारीक उभ्या अक्षरात.

"संपवले होते त्यांनी," ती आईला म्हणाली.

"संपवले की. ते गेले त्याच्या आदल्या गुरुवारीच." आई टॉवेलच्या घड्या घालत होती. "ते पोर्टलचं तेवढं त्यांना जमत नव्हतं. तीनदा भरलं, तीनदा पुसलं गेलं. शुक्रवारी तुला सांगणार होते, जरा बसून भरून दे म्हणून. मीच म्हटलं, राहू द्या, ती दमून येते."

"मला सांगायचं ना आई."

"आता मला काय माहीत," आई म्हणाली आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालू लागली.

सहाव्या दिवशी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. पस्तिशीची असेल. अंगावर परिचारिकेचा गणवेश, वरून स्वेटर. रात्रपाळी करून थेट आली होती.

"ताई, मी सरांची विद्यार्थिनी. म्हणजे वयाने मोठीच आहे मी सगळ्यांत. वर्गात मला मावशी म्हणतात, मेले."

लेकीने तिला बसवलं, चहा दिला. परिचारिकेने आधी रीतीप्रमाणे चार शब्द बोलून घेतले. मग कप खाली ठेवला.

"विचारू नये या वेळी. पण विचारल्याशिवाय गत नाही. माझा निबंध सरांनी तपासला होता का हो? विभागात सांगतात, तपासलाच नाही म्हणे कुणाचा. पोर्टलवर काही नाही म्हणजे झालंच नाही. पहिल्या दोन निबंधांची सरासरी काढून तिसऱ्याचे गुण देणार. माझे पहिले दोन अठ्ठावीस आणि पस्तीस आहेत, ताई. त्याची सरासरी काढली तर वर्ष बुडालं माझं. फी भरून परत बसायला पुढच्या वर्षी मला सुट्ट्या मिळणार नाहीत."

"पहिले दोन इतके कमी का?"

"सर म्हणायचे, तुमचा निबंध म्हणजे तापाचा तक्ता आहे. आकडे बरोबर, रुग्ण कुठाय?" ती हसली. "तिसरा मी तीनदा लिहिला. प्रत्येक वेळी सर घेऊन बसले, अर्धा-अर्धा तास. शेवटच्या वेळी म्हणाले, आता दिसला रुग्ण. काळजी करू नका, पास आहात. पण तोंडी म्हणाले ना. तोंडाला कोण विचारतंय."

लेकीने पिशवीतून तिचा निबंध काढला. परिचारिकेने तो दोन्ही हातांनी घेतला. पहिल्या पानावर बासष्ट. समास भरलेला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'हा म्हातारा फार घाईत मेला. त्याला आणखी दोन ओळी जगू द्या.' परिचारिकेने तेवढं वाचलं आणि कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"मी बघते," लेक म्हणाली.

"तुमचा वशिला असेल ना तिथे?"

"वशिला नाही," लेक म्हणाली. "नोकरी आहे."

विभागप्रमुख बाबांचा विद्यार्थी. त्याच्या खोलीत भिंतीवर त्याचा स्वतःचा जुना निबंध होता, बाबांच्या शेऱ्यासह, प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेला. तो खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला, तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"सर नसते तर मी आज कुठे असतो ते मलाच माहीत नाही."

"मग अडतीस निबंधांचे गुण लावून घ्या. हे तपासलेले कागद. ही यादी, त्यांच्या अक्षरात."

तो परत टेबलामागे गेला. "माझ्या हातात असतं तर..."

"दुसऱ्या शिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्या मग."

"तेही बघितलं मी. शिक्षक उपलब्ध नसल्यास दुसऱ्याकडे देता येतं, तशी सोय आहे नियमात. पण ती मुदत चालू असेपर्यंत. मुदत त्याआधीच्या शुक्रवारीच संपली आणि सर पुढच्या बुधवारी... म्हणजे तीन कामकाजाचे दिवस आधी जर..." तो थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला वाक्याच्या अर्ध्यावर कळलं होतं. "माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच आहे ते," लेक म्हणाली. "मी ओळखते ते कलम."

"हो ना. शेवटी तुमच्याच कक्षाचा नियम. आम्ही काय, हुकमाचे ताबेदार."

तिसऱ्या मजल्यावर संचालकबाईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "सुट्टी आहे ना तुला? मग आलीस कशाला?"

"अपवाद करता येईल, बाई?"

"एकदा अपवाद केला की दारात रांग लागते. उद्या प्रत्येक जण पेन्सिलीची यादी घेऊन येईल. सोमवारी समितीची बैठक आहे, विषय चारवर घेतलाय. बिनचर्चेचा होईल. तू इतिवृत्त लिहायला येऊ नकोस हवं तर, मी दुसरं कुणी बघते. आणि हे बघ," त्यांनी आवाज खाली घेतला, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या नियमाबद्दल बाहेर बोलू नकोस. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाला ते? लोकांना वाटायचं, लेकीनेच..."

"येईन मी इतिवृत्ताला," लेक म्हणाली.

त्या गेल्यावर तिने कपाटातून सात-तीनची फाईल काढली. सर्वात खाली ती सहा पानं होती. अठरा महिन्यांत टाचणीला गंज चढून कागदावर तांबडा डाग पडला होता. ती उभ्यानेच वाचत गेली.

बाबांनी नियमाला विरोध केलेला नव्हता. मुदत हवीच, त्यांनी लिहिलं होतं. पोरं ताटकळतात, त्यात मीही दोषी आहे. पुढे त्यांनी एक तोडगा सुचवला होता. गुण पंधरा दिवसांत द्यावेत, अभिप्राय मात्र शिक्षकाला सावकाश, त्याच्या हाताने देऊ द्यावा. ज्याला पोर्टल जमत नाही त्याच्या सहीची यादी विभागाने भरून घ्यावी. साडेचार ओळींत सगळं बसवलं होतं. ही यादी जर नियमात असती तर आज परिचारिका घरी झोपली असती. हा एवढासा तोडगा समितीपुढे ठेवायला तिला कागद फाईलमधून वर काढायचा होता, बस.

सात-तीनच्या शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली होती. समासात फक्त तीन शब्द. 'वाक्य ओळखीचं वाटतं.'

ती तिथेच खिळ्यांच्या भिंतीला टेकली. त्यांना कळलं होतं? मग मंगळवारी त्यांनी मुद्दाम विचारलं? तिने सांगावं म्हणून वाट दाखवून बघितली? का खरंच एक छान वाक्य भेटलं म्हणून नुसतं आवडून लिहिलं? ज्याला विचारायचं तो माणूस राहिला नव्हता. या प्रश्नाचं उत्तर तिला आता जन्मभर मिळणार नव्हतं, आणि याला जबाबदार दुसरं कुणी नव्हतं.

फाईलमध्ये आणखी एक कागद होता, तिने सही केलेला. निरंक. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलं होतं, जे कुणी कधी वाचत नाही: नातेसंबंध लपवून मसुदा केला असल्यास तो नियम त्या नातेवाइकाच्या बाबतीत लागू करता येणार नाही, मसुदा करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल. ही दोन्ही वाक्यं तिने नव्हती लिहिली. भाषा इतकी गचाळ होती की लिहिणारा कुणी साधा माणूस असावा. तिने ती चार वेळा वाचली.

सोमवारी अकरा वाजता समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, चौदा माणसं. अध्यक्ष मधोमध. लेक नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी, वही उघडून. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बैठकीत बोलायचं नसतं. तो त्या खोलीत असतो आणि नसतो.

विषय एक, दुखवट्याचा ठराव. विभागप्रमुख उभा राहिला. सरांनी अखेरच्या श्वासापर्यंत अध्यापनाचं व्रत सोडलं नाही, तो म्हणाला. हाती तपासलेल्या निबंधांची पिशवी घेऊनच ते गेले. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. तिनेही उभं राहून, खाली बसून, तसंच लिहून घेतलं: तपासलेल्या निबंधांची पिशवी घेऊनच.

विषय दोन, बाकांची दुरुस्ती. विषय तीन, वसतिगृहाचं पाणी.

"विषय चार," संचालकबाईंनी वाचलं. "कलम सात-तीन अन्वये अडतीस विद्यार्थ्यांच्या तिसऱ्या लेखी कामाचे मूल्यमापन झालेच नाही असे समजून सरासरी गुण देणे. मान्य?"

"मान्य," दोन-तीन आवाज आले. कुणीतरी बाटलीचं झाकण उघडलं.

"एक मिनिट," विज्ञानाच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने हात वर केला. "आत्ता तर आपण ऐकलं की तपासलेले होते. विषय एकमध्ये तपासलेले आणि विषय चारमध्ये तपासलेच नाहीत? दोनमध्ये बाकं आणि तीनमध्ये पाणी, तेवढ्यात काय झालं त्या निबंधांना?"

कुणी हसलं. विभागप्रमुखाने खाली बघितलं.

"भावनेचा प्रश्न वेगळा, सर," संचालकबाई म्हणाल्या. "नियम समितीने केलाय. सर्वांसाठी सारखा आहे. त्यात कुणा व्यक्तीचा विचार नव्हता, आणि नसतोच."

"मग टाका मतास," अध्यक्ष म्हणाले.

लेकीने पेन खाली ठेवलं. परिचारिका बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला या खोलीत येण्याचा अधिकार नव्हता. लेक उभी राहिली तेव्हा आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. इतिवृत्त लिहिणारी कधी पाणी आणायला उठते, कधी पंखा बंद करायला.

"विचार होता," ती म्हणाली.

"अगं, बस खाली," संचालकबाई म्हणाल्या. मग अध्यक्षांकडे वळून, "तिचे वडील, सर. आत्ता नुकतेच... तिला त्रास होतोय."

"त्रास होतोय, पण बोलू द्या." तिने फाईलमधला कागद अध्यक्षांपुढे नेऊन ठेवला. "हा माझा अर्ज. नातेवाइकांच्या रकान्यात मी निरंक लिहिलंय. ते खोटं आहे. वडील याच विद्यापीठात शिकवत होते. मागची बाजू वाचा, म्हणजे हे कलम त्यांच्या निबंधांना लागत नाही हे कळेल. माझ्यावर काय करायचं तेही तिथेच आहे."

अध्यक्षांनी कागद उलटला.

"अर्जात चूक झाली असेल," ते सांभाळून घेत म्हणाले. "सगळेच तसं लिहितात. पण कलम तर समितीचं ना?"

"समितीने मान्य म्हटलं, आत्ता म्हणाली तसं. लिहिलं मी. सव्वातीन ते चार, पाऊण तास लागला. सगळीकडे एकवीस, पंचवीस, तीस दिवस होते. पंधरा मी घातले. घरात एक माणूस पंधरा दिवसांत तपासू शकत नाही हे मला माहीत होतं, म्हणून पंधरा घातले. त्यांच्या सूचना आल्या, त्या मी वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर आज हा विषय नसता. परवा परवा त्यांनी मला विचारलं, हे कोणी लिहिलं. मी समितीचं नाव सांगितलं."

"पण का?" म्हाताऱ्या प्राध्यापकाने विचारलं. त्याच्या विचारण्यात काही खोच नव्हती. वर्गात न समजलेलं विचारावं तसं त्याने विचारलं.

तिला वाटलं होतं इथे आवाज फुटेल. फुटला नाही. चांगला स्वच्छ निघाला, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"ते माझ्या जन्मापासून दुसऱ्यांच्या पोरांचं वाचत बसले होते. मी समोर बसलेली असायची. माझा माझ्या वडिलांवर राग होता, आणि तो मी सगळ्या विद्यापीठाला नियम म्हणून लावला."